सावडीतलं पाकीट

भाजे, ता. मावळ
८ जुलै २०२५

चि. यशोधरा हीस,
अ. आ. आणि जय भीम.

पत्र पाहून तुला हसू येईल. येऊ दे. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि पुढचं ऐकत नाहीस. कागदावर तसं करता येत नाही. शिवाय पाऊस लागला की भाज्यातली रेंज डोंगरावर जाऊन बसते, आणि तिच्यामागे चढण्याचं माझं वय नाही.

आधी महत्त्वाचं. तुझ्या आईचं ऑपरेशन काल तळेगावला नीट झालं. लेण्यांच्या पायऱ्यांवर मक्याच्या कणसांची पाटी घेऊन घसरली आणि पाय मोडला. पण कणीस एकही सांडू दिलं नाही, हे भूल उतरताच तिनं डॉक्टरांना सांगितलं. मामी तिच्यापाशी आहे. तुझ्या आप्पाला रजा नाही. भुशीच्या ज्या बंगल्याची तो देखरेख करतो, तिथे पावसाळ्यात पाहुणे हटत नाहीत, आणि मालकानं सांगितलंय की आत्ता गेलास तर परत येऊ नकोस. राहिलीस तू. तू रांजणगावहून हलायचं नाही. ऑगस्टअखेर एकही खाडा नसलेल्या ट्रेनींनाच कंपनी कायम करणार, हे तूच मला सांगितलंस. आपल्या घरात माझ्यानंतर कायम नोकरी कुणाला लागलेली नाही, आणि मी निवृत्त होऊनही जमाना झाला. म्हणून लोणावळ्याचं घर बंद करून भाताची लावणी मी अंगावर घेतली आहे.

माझे वडील रेल्वेत गँगमन. त्यामुळे माझं बालपण लोणावळ्याच्या क्वार्टरमध्ये गेलं आणि भात मी ताटात पाहिला किंवा पुस्तकात. पण उभी नोकरी अर्थशास्त्र शिकवलं आहे. शेतात गरजेपेक्षा जास्त माणसं झाली की काहींची सीमान्त उत्पादकता शून्य होते, म्हणजे ती असली काय आणि नसली काय, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावत असे. काल ती आकृती मी स्वतः चिखलात उभी राहून पूर्ण केली. येसूबाई, परवीन आणि वस्तीतल्या बाया सकाळीच वरच्या खाचरात उतरल्या. मीही उतरले. एका पायातला गमबूट चिखलानं ठेवून घेतला. मला उपटायला दोघी लागल्या आणि तो बूट शोधायला तिसरी, म्हणजे माझी उत्पादकता शून्याच्याही खाली गेली. मग मला बांधावर बसवून चहाकडे लक्ष द्यायला सांगण्यात आलं.

संध्याकाळी मात्र मी माझं काम चोख केलं. प्रत्येकीला पाकीट दिलं. पुरुषांइतकी पूर्ण मजुरी, कोऱ्या नोटा, वर सुवाच्य अक्षरात नाव. बाईच्या श्रमाच्या मोलाबद्दल चार वाक्यं बोलले. सगळ्या इतक्या भारावल्या की कुणी अवाक्षर काढलं नाही. येसूबाईनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि मालकीणबाई, येतो आमी, असं म्हणून निघाली. ओढ्याकडचं मोठं खाचर रविवारी लावू. तू निश्चिंत राहा, डबा वेळेवर खा.

लोभ आहेच, उत्तर आलं तर तो टिकेल.
तुझी आत्या,
ज्योत्स्ना

*

रांजणगाव
११ जुलै २०२५

ती. आत्यास,
सा. जय भीम वि. वि.

तुझं पत्र मी जेवताना वाचत होते. गमबुटापर्यंत मैत्रिणींना मोठ्यानं वाचून दाखवलं. पाकिटापाशी आले आणि हातातला घास हातात राहिला.

आत्या, तू हे काय केलंस! त्या मजुरीला आल्याच नव्हत्या. त्या सावडीला आल्या होत्या. आई पाय मोडायच्या आधी येसूमावशीच्या खाचरात राबली, परवीनचाचीच्या राबली, वस्तीत सगळ्यांच्या राबून आली. ते दिवस फेडायला त्या आल्या. दिवसाला दिवस, असं चालतं हे, आणि सुगीपर्यंत फिरत राहतं. मध्ये पैसा आला की संपलं, पुढे कुणी कुणाचं लागत नाही. तुला वाटलं असेल सावड आता फक्त तुझ्या पुस्तकात उरली. आपल्या वस्तीत ती अजून आहे, कारण रोजाची माणसं लावणं आपल्याला कधी परवडलंच नाही.

आणि येसूमावशी भारावली नव्हती गं. दुसऱ्याच्या बांधावर हात पसरून मजुरी घ्यायची नाही म्हणून आजोबा रेल्वेत गेले, हे तूच मला लहानपणापासून ऐकवतेस. त्यांच्याच मुलीला वस्तीनं मालकीण म्हटलंय.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली की प्लास्टरसकट रिक्षात घाला, पण मला भाज्याला न्या. मामीनं तिला धरून झोपवलं.

रविवारी कुणी येणार नाही, बघ. ओढ्याकडचंच खाचर आपल्याला वर्षभर जेवू घालतं, आणि उरलेला भात कामशेतला विकून तर माझी फी भरली गेली. रोप फार थांबणार नाही. वेळ आली तर मी येते. नोकरी काय, दुसरी मिळेल. (हे वाक्य तू लाल शाईनं खोडशील, ते ठाऊक आहे.)

रागावली नसशील तर आशीर्वाद, रागावली असशील तर दोन शिव्या पाठव, पण पाठव.
तुझी,
यशोधरा

*

भाजे
१६ जुलै २०२५

चि. यशोधरा हीस,
अ. आ. आणि जय भीम.

लाल शाईनं खोडलं आहे. पुन्हा लिहू नकोस.

रविवारी कुणी आलं नाही. मी पातेलंभर चहा करून बांधावर बसले होते. समोरच्या रस्त्यानं मुंबईच्या गाड्या लेण्यांकडे चालल्या होत्या. त्यांतल्या एकीनं काच खाली करून चहा केवढ्याला, असं विचारलं. मी तिला मुकाट्यानं फुकट पाजला. आता फुकट देतानाही कुणाचा अपमान होत नाही ना, याची मला खात्री वाटत नाही.

चूक कळली की ताबडतोब दुरुस्त करावी, हा माझा नियम तुला पाठ आहे. त्या नियमानं मी येसूबाईच्या दारात जाऊन पाकीट परत मागितलं. ती म्हणाली, त्यातनं सिलिंडर आला, पाहिजे तर उचलून न्या. रागावलेली मुळीच नव्हती. उलट लय प्रेमानं सांगितलं की मालकीणबाईंना मजूर हवेत तर कामशेतच्या नाक्यावर मिळतील, हितं आमी आमच्या कामात हाय.

कामशेतलाही गेले. नाक्यावर अंबाजी नावाचा मुकादम आहे. त्यानं अदबीनं विचारलं, कुठलं रिसॉर्ट. मी म्हटलं, खाचर. त्याची अदब तिथेच संपली. त्याची माणसं सगळी रिसॉर्टच्या हिरवळी लावायला गेली आहेत. गवताला भातापेक्षा जास्त रोज मिळतो. हे मी वर्गात कसं समजावलं असतं, याचा विचार करत परतीच्या जीपमध्ये बसले.

विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं आहे. चष्मा माझ्याकडे असल्यामुळे ग्रंथ मी वाचते. सगळ्या येतात, ऐकतात, पण माझ्या सतरंजीवर कुणी बसत नाही. आख्खी सतरंजी मला. आयुष्यभर मला वाटायचं की लोक मला मान म्हणून जागा सोडतात.

रोपाची टोकं पिवळी पडायला लागली आहेत. यशोधरा, मी काय करू? हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारलेला नाही, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. तुझ्या आईलाही वेगळं पत्र टाकलं आहे. तिच्याशी फोनवर बोलायची माझी छाती नाही.

लोभ ठेवलास तर उपकार होतील.
ज्योत्स्ना आत्या

*

तळेगाव, दवाखाना
१९ जुलै

ज्योत्स्नावन्संना सारिकाचा जय भीम.

पत्र पावलं. नर्सबाईचं पेन मागून लिवतीया, अक्षराला नावं ठेवू नका. तुमी पैसं माघारी मागाय गेलता म्हनं. आसं करत्यात व्हय? दिल्यालं वंगाळ, मागितल्यालं तेच्याहून वंगाळ.

आता काय बोलू नका. भाशान तर आजाबात न्हाई. येसूबाईचं पल्याडचं खाचर ऱ्हायलंय. सकाळच्या पारी तितं जावा. इचारू नका, येऊ का म्हनून. लुगडं खोचा आन् वाकून लावाय लागा. तुमचं रोप वाकडं लागंल. त्या उपटून परत लावतील. लावू द्या, रुसू नका. दुपारी भाकर दिली तर खावा. पैसं दिलं तर घेयाचं न्हाई. दुसऱ्या दिशी परवीनकडं जावा.

यशोधराला बोलावू नका. तिची नोकरी ऱ्हाऊ द्या. माजा पाय बरा हाय.

गमबूट घालू नका.
तुमची भावजय,
सारिका

*

भाजे
२९ जुलै २०२५

चि. यशोधरा हीस,
अ. आ. आणि जय भीम.

आधी निकाल सांगते, मग माझी फजिती. ओढ्याकडचं खाचर लागलं. रोप उभं आहे. तू जागची हलू नकोस.

आता फजिती. तुझ्या आईनं पत्रानं सूचना पाठवल्या होत्या. इतक्या स्पष्ट सूचना मला शिक्षण खात्याकडून कधी मिळाल्या नाहीत. त्याप्रमाणे मी अनवाणी येसूबाईच्या खाचरात जाऊन उभी राहिले. कुणी ये म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. माझ्या डोक्यावरून त्यांचं बोलणं चालू राहिलं: कुणाची सून, कुणाचं शिलाई मशीन, मळवलीच्या रेल्वे फाटकात अडकलेली कुणाची वरात. मी वाकले. माझ्या रांगा रविवारी त्याच फाटकात लागणाऱ्या गाड्यांसारख्या होत्या, जिथे जागा मिळेल तिथे घुसलेल्या. माझ्यामागे एक बाई ते रोप उपटून परत लावत होती. जन्मभर मी इतरांच्या वह्या तपासल्या; कुणी तपासताना मागे उभं असलं की कसं वाटतं, ते कळलं.

दुपारी भाकर आणि सुकटीची चटणी मिळाली. मी सूचनेनुसार खाल्ली.

संध्याकाळी येसूबाईनं सगळ्यांसमोर मला पाकीट दिलं. तेच पाकीट, माझ्याच सुवाच्य अक्षरातलं. आत अर्धी मजुरी. पुरुषाइतका रोज द्यायला हातबी तेवढा चालाया पायजे, असं तिनं वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. नंतर बाईच्या श्रमाच्या मोलावरची माझी चारही वाक्यं परवीननं नाकावर नसलेला चष्मा सारत म्हणून दाखवली. एक शब्द चुकला नाही. विद्यार्थ्यांनी माझ्या नकला केल्याच असतील, पण पाठीमागे. हसून हसून त्या चिखलात बसल्या. बराच वेळ ताठ उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही हसते आहे.

पाकीट मी घेतलं नाही. बांधावर दगडाखाली ठेवलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी परवीनकडे, मग पुढे वस्तीत, जिथे कुणाचं लावायचं राहिलं होतं तिथे. पाठ सरळ होईना. त्यामुळे गावात भेटेल त्याला मी आपोआप वाकून जय भीम घालत होते. माझ्या नम्रतेची चर्चा झाली म्हणे.

मग परवा पहाटे चूल पेटवते आहे तोच ओढ्याकडून बायांचा गलका आला. जाऊन पाहिलं तर सगळ्या आपल्या खाचरात. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उतरले, तर मला एक कोपरा दाखवण्यात आला आणि त्या बाहेर येऊ नको असं बजावण्यात आलं. दुपारच्या भाकरी मी केल्या होत्या. परवीननं विचारलं की ह्या खायच्या की बांध फुटला तर तिथे रचायच्या.

संध्याकाळी मी कुणाला काहीही दिलं नाही. फार जड गेलं. हात सारखा पर्सकडे जात होता, शेवटी दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहिले. जाता जाता येसूबाईनं विचारलं, जोत्स्ने, उद्या कुटं हायेस. मालकीणबाई नाही, जोत्स्ने. उभ्या नोकरीत मला कुणी एकेरी हाक मारलेली नाही. मारली असती तर मी वर्गाबाहेर काढलं असतं. इथे मी घाईघाईनं सांगितलं की तू म्हणशील तिथे.

आता फक्त कंपनीच्या कायम होणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव लागण्याची वाट आहे.
लोभ चिखलासारखा धरून ठेव. बूट गेला तरी चालेल.
ज्योत्स्ना आत्या

*

रांजणगाव
१ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. जय भीम वि. वि.

यादी लागली. माझा खाडा एकही नाही. तापातही गेले होते, ते तुला कळवलं नव्हतं.

कुणालाच कायम केलं नाही. ट्रेनिंग अजून सहा महिने वाढवलं. ऑर्डर कमी आहेत म्हणे. साहेबांनी सांगितलं की याकडे संधी म्हणून पाहा. मागच्या खेपेलाही असंच पाहायला सांगितलं होतं, असं जुनी मुलं म्हणाली.

तू माझ्यासाठी चिखलात वाकलीस, आईनं दुखणं दाबून धरलं, आप्पांनी बंगल्यावरची बोलणी खाल्ली, आणि मी हे घेऊन आले. तोंड कसं दाखवू, कळत नाही. रडले नाही, असं लिहिते आहे. ते खरं धर.

लोभ कमी झाला असेल तर मला कळवू नकोस.
यशोधरा

*

भाजे
५ सप्टेंबर २०२५

चि. यशोधरा हीस,
अ. आ., जय भीम, आणि डोळे पूस.

कंपनीबद्दल मी फक्त एक वाक्य लिहिलं होतं आणि ते खोडलं, कारण टपाल उघडून वाचणारेही असतात. तोंड तुला नाही, त्यांना लपवू दे. राहायचं की सोडायचं ते तू ठरव. हे वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं यावर माझाही विश्वास बसत नाही, पण खोडत नाही. मी तर कामशेतहून पेढेसुद्धा आणून ठेवले होते. कालपर्यंत टिकले. मग सगळ्यांनी मिळून ते तुझ्या वाईट बातमीवर खाल्ले; चवीला काही फरक नव्हता.

तुझी आई काठी घेऊन घरात फिरते आहे. माझी लावणी पाहायला बांधापर्यंत गेली. माझा कोपरा लांबूनही ओळखू येतो म्हणाली.

तुला एक बातमी द्यायची राहिली. घरात कायम कुणी झालं असेल तर ती मी. त्या दिवशी आपल्या खाचरात जितक्या आल्या तितके दिवस, माझे राबलेले वजा करून, मी वस्तीचं देणं लागते, आणि ते सुगीत कापणीला फेडायचे आहेत. पगार नाही, दुपारची भाकर आहे, विळा स्वतःचा आणायचा. माझे दोन दिवस मिळून त्यांचा एक धरायचा, असा दर येसूबाईनं जाहीर केला. मी तत्त्वासाठी वाद घातला, तर ती म्हणाली, आदी अडीच धरणार हुतो, परवीन मधी पडली. तेव्हा लोणावळ्याचं घर दिवाळीपर्यंत बंदच राहील. विहारातल्या सतरंजीवर हल्ली मला बसायला जागा मिळत नाही.

लोभ दोन दिवसांचा एक या दरानं असला तरी चालेल, पण असू दे.
तुझी आत्या,
ज्योत्स्ना

ता. क. यशोधरा सुट्टी काढून कापणीला आली तर तिचा दिवस कितीनं धरणार, असं मी येसूबाईला भीत भीत विचारलं. तिनं विळ्याला धार लावता लावता, वर न बघता सांगितलं, पोरीचा दिवस पुरता धरू.