तीन जीव, सोळा पाने

सोमवार, ४ ऑक्टोबर १९९३. सकाळी ९.५०

फॉर्म दुसरा (एक फॉर्म म्हणजे सोळा पाने) सोडवत होतो. बत्तीस पाने छापून झाली, बत्तीस राहिली. या टाइपाचे खिळे आमच्याकडे जेमतेम सोळा पानांचे. छापलेली सोळा पाने सोडवून खिळा न् खिळा केसमध्ये, टाइपाच्या खणांत, परत टाकावा, तेव्हा पुढची सोळा जुळतात. मालकांना, पाध्यांना, चार वर्षे सांगतो आहे, टाइप घ्या. "दिवाळीच्या सुट्टीची पुस्तकं निघू देत आधी." म्हणजे कधीच नाही.

पुस्तक: 'सात दारांचा किल्ला'. व्हिडिओ गेमवरून मुलांसाठी साहसी कादंबरी म्हणे. लेखक सोवनी गुरुजी, कल्याण, निवृत्त. त्यांनी आयुष्यात व्हिडिओ गेम पाहिलेला नाही. नातू तोंडी सांगतो, हे लिहितात. लाल सदऱ्याचा मुलगा पराग, सात दारे, शेवटी ज्वालासुर. बहीण मंजू मागून डबा घेऊन चालते. पान ३ वर जाड टाइपात चौकट: "लक्षात ठेवा! परागला जीव तीनच. चौथा मागाल तर मिळणार नाही."

पान ९ वर काट्यांवर पडून मेला. पान १० वर सदरा झटकून उभा. एका ओळीचे दुःख नाही. आमच्या आळीत मांजर मेले तरी याहून जास्त बोलणे होते.

बुधवार, ६ ऑक्टोबर

फॉर्म तिसरा जुळवतो आहे. "भयाण, भीषण आणि भेसूर दरवाजा." एका दाराला तीन विशेषणे, सुतारसुद्धा तीन बिजागऱ्यांवर थांबतो. मंजू सोळा पानांत दोनदा बोलली. दोन्ही वेळा "दादा, जपून."

गुरुजी उद्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाणार. शेवटच्या सोळा पानांचा मजकूर पट्टी सुटल्यावर. पंधरा दिवस.

शनिवार, ९ ऑक्टोबर

वाईट दिवस.

फॉर्म तिसरा दुपारी छापून झाला. दोन हजार प्रती. मी सोडवायला घेतला, चार पाने सोडवलीही. पांडूदादा शाईचा हात पुसत एक छापील ताव वाचत बसला. मशीन चालवतो, राहतो खाडीकडे कोळीवाड्यात, अक्षर लावून लावून वाचतो.

"आरं सुधा, ह्यो पोऱ्या हिरीत परून मेला नं?"

"मेला. उठेल."

"कवा उठंल? तीन झालं त्याचं. मंग आता कोन लरनार?"

हसलो. मग हसू थांबले. पान ९ काटे. पान २८ आग. पान ४७ विहीर. तीन. पान ३ ची चौकट मीच जुळवलेली. प्रत्येक पान मी दोनदा तपासले. एक ऱ्हस्व-दीर्घ सुटला नाही. अख्खा मुलगा सुटला.

मालकांना सांगितले. "कागद कितीचा गेला माहीत आहे? पुन्हा छापायचा तर तुझ्या पगारातून." नववी नापास माणसाने मुद्रिते तपासली की असेच होणार, हेही म्हणाले. ते नेहमी म्हणतात.

जेवलो नाही.

रविवार, १० ऑक्टोबर

बसने कल्याणला, गुरुजींकडे. खाटेवर पडून, डोळ्यावर हिरवी पट्टी.

"तीन झाले? मी दोन धरले होते. काट्यांवर तो नुसता जखमी झाला असेल."

"पान ९ वर 'गतप्राण' आहे, गुरुजी."

"मग चौथा दे रे त्याला! मुलं काय मोजतात?"

चाळीस वर्षे शिकवले यांनी. मुले दुसरे काय करतात? मधल्या सुट्टीला किती मिनिटे राहिली हेच मोजत मी शाळा काढली.

सोमवार, ११ ऑक्टोबर

मालक: "तूच लिही. सगळ्यांचे दोष काढतोस ना? काढ आता मार्ग. सोळा पानं, आठवडा. जमलं तर कागदाचं विसरतो."

मी: "मी लेखक नाही."

मालक: "तो तरी कुठे आहे?"

त्यांच्याकडून ऐकलेले पहिले खरे वाक्य.

मंगळवार, १२ ऑक्टोबर. सं. ५.१५

स्टेशनबाहेरचे व्हिडिओ गेम पार्लर. तिसरा जीव गेल्यावर गेममध्ये होते काय, ते पाहायला. आत अंधार, घामाचा वास, सहा पेट्या, कॉलेजची टोळकी. गुरुजींच्या नातवाने सांगितलेला लाल सदरा दुसऱ्या पेटीच्या पडद्यावर होता. बोटाएवढा. यासाठी चौसष्ट पाने.

एक रुपया टाकला. पहिल्याच खड्ड्यात मेलो. मागून, "काका, बटन दबाओ ना!" मी तेवीस वर्षांचा आहे.

तिन्ही जीव मिळून चाळीस सेकंद. मग पडद्यावर आकडे, दहा, नऊ, आठ. पार्लरवाल्याला विचारले, हे काय? "शून्य के पहले रुपया डालो, फिर जिंदा." असे आहे तर. चौथा मागाल तर रुपयाला मिळतो. गुरुजींच्या नातवाने हे सांगितले नाही, बहुधा कारटे उधारीवर खेळते.

पेटीला खेळायचे दोन दांडे. दुसऱ्यावर कुणाची तरी भाजीची पिशवी लटकवलेली. ती कशाला, विचारले.

"दूसरा प्लेयर. कोई नहीं खेलता, सबको हीरो बनना है."

"त्याचे जीव?"

"उसका अलग रहता है."

बुधवार, १३ ऑक्टोबर

छापलेली अठ्ठेचाळीस पाने पुन्हा वाचली. चौकटीत स्पष्ट आहे: "परागला." मंजूच्या जिवांबद्दल कुठे एक अक्षर नाही. गुरुजींना सुचलेच नाही की हिलाही मरता येईल.

सांगितलेले नाही, म्हणजे तीन धरता येत नाहीत. एकच. तुम्हा-आम्हाला असतो तेवढा.

पान ४९: मंजू विहिरीच्या काठावर आहे. हातात डबा. खाली हाक मारली, उत्तर नाही.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

कागदावर लिहायला बसलो तर गुरुजींसारखेच येते. "भयाण" आले, खोडले. शेवटी केससमोर उभा राहून थेट स्टिकमध्ये, खिळे लावायच्या हातातल्या पट्टीत, जुळवू लागलो. बोटाला एकेक खिळा उचलावा लागला की विशेषण आपोआप गळते. दुपारपर्यंत तीन पाने. मालक डोकावले. "हस्तलिखित कुठाय?" स्टिक दाखवली. कपाळाला हात लावून गेले.

पान ५३. मंजू पाचव्या दाराशी. जमिनीतून काटे वरखाली होतात. परागने अशी जागा एका ओळीत उडी मारून पार केली होती. हिला दीड पान लागले. मधे एकदा माझी स्टिक हातातून निसटता निसटता राहिली. काय मूर्खपणा, काटे मीच लावलेले.

संध्याकाळी पुन्हा पार्लर. दुसऱ्या दांड्यावरची पिशवी काढून ठेवली. रुपया टाकला.

शनिवार, १६ ऑक्टोबर

पाने ४९ ते ६० चे प्रूफ. पांडूदादाने मागून घेतले, खिडकीपाशी नेले. मशीनला तेल द्यायचे राहिले, मालक ओरडले, याने ऐकले नाही.

"पोर मरत नाय नं रं?"

"वाच."

"सांग नं, मेल्या. माझी बी हाय तेवरीच."

चार पाने जुळायची होती. मलाच माहीत नव्हते.

रविवार, १७ ऑक्टोबर

सुट्टी असून किल्ली मागून आलो. संपवले. मंजूने ज्वालासुराला मारले नाही. तिच्याकडे तलवार कुठली? सातवे दार बाहेरून ओढले, कडी घातली, कडीत डब्याची दांडी अडकवली. मग परत विहिरीपाशी आली आणि बसली. पान ६४ वर चार ओळींची जागा उरली.

सोमवार, १८ ऑक्टोबर

मालकांनी वाचले. पहिल्यांदाच पाहिले त्यांना काही अखेरपर्यंत वाचताना. मग: "झकास. आता चार ओळींत परागला उठव. सुट्टीचं पुस्तक आहे, कुणी मेलेलं राहून चालत नाही."

"चौकट छापलेली आहे."

"चौकट गेली खड्ड्यात! आधी म्हणालास मी लेखक नाही, आता ऐकत नाहीस. चार ओळी लाव, नाहीतर कागद तुझ्या नावावर."

तडक कल्याणला. गुरुजींना सोळा पाने मोठ्याने वाचून दाखवली.

"मंजूला मी डबा धरायला ठेवली होती रे."

"हो."

"पराग उठला नाही तर मुलं रडतील."

"रडू देत." गुरुजींना असे बोललो.

म्हणाले, "पाध्यांना सांग, माझं नाव काढा." रागाने की आणखी कशाने, डोळा झाकलेला, कळले नाही. नाव तर फॉर्म पहिल्यातच छापून गेले.

मंगळवार, १९ ऑक्टोबर. दुपारी १२.२०

फॉर्म चौथा मशीनवर आवळून तयार. पान ६४, खाली चार ओळींची जागा, शिशाच्या पट्ट्या भरून कोरी ठेवलेली. मालक दादरला कागदवाल्याकडे गेलेत, दोनला येतील. पांडूदादा चाकाला हात लावून उभा. "बोल, सुधा. चालू करू का थांबू?"

थांब म्हटले. हिशेब लिहितो, मग सांगतो.

खर्च: पार्लर, १४ रु. (पैकी दुसऱ्या दांड्यावर १२). कल्याण बस, दोन खेपा, ८ रु.
देणे: पांडूदादाला चहाचे ६ रु. फॉर्म तिसऱ्याच्या कागदाचे, मालक म्हणतात ९४०. चार ओळी लावल्या तर शून्य.
येणे: सप्टेंबरचा राहिलेला पगार १५० रु. सोळा पाने लिहिण्याचे, ठरलेले नाही.
खिशात: एक रुपया, पार्लरमधला चौथ्या जिवाचा भाव.