मावशींच्या वतीने

१५ मार्च

आले एकदाची! दोन खोकी, एक गादी आणि दादाने बळेच गळ्यात मारलेला कुकर, एवढ्या संसारासह तिसरा मजला चढले आणि दारातच बसकण मारली. घर मला पसंत आहे. एक खोली, ओटा, न्हाणी आणि अंगणावरची बाल्कनी. बाल्कनीत खुर्ची ठेवली तर माणूस मावत नाही, पण संध्याकाळचं ऊन मावतं. ज्या औषधांच्या दुकानात नोकरी लागली ते कोपऱ्यावरच आहे. दादा म्हणत होता, नव्या गावात तुला कुत्रंही विचारणार नाही. इथे तर सामान लावायच्या आत अख्खी इमारत विचारपूस करून गेली.

मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. उजवीकडे मी, डावीकडे शिवणाच्या मावशी. एकट्याच राहतात, घरी शिवण शिकवतात. चहा घेऊन आल्या, माझ्या शर्टाची बाही उलटी करून पाहिली आणि ज्याने ही शिवली त्याला माझ्याकडे पाठवून दे म्हणाल्या. त्यांना बाल्कनी नाही. मागे पाइपांच्या बोळात उघडणारी एक खिडकी तेवढी आहे, म्हणून दिवसाही दिवा लावून बसतात. साखरेचा आजार आहे. गोळ्या यापुढे मीच आणून द्यायच्या, हे चहा संपायच्या आत ठरूनही गेलं.

१९ मार्च

दुकानात नुसती झुंबड. मास्क कालच संपले. आज एका सभ्य गृहस्थांनी सॅनिटायझरची शेवटची बाटली एका बाईंच्या हातातून ओढून घेतली आणि वर माझ्याकडे बघून, काय एकेक लोक असतात, म्हणाले. मला हसू आवरेना. मालक म्हणाले, आत्ताच हसून घे.

इमारतीचे सेक्रेटरी काका शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी गळ्यात शिट्टी आहेच. त्यांनी अंगणात खडूने चौकोन आखलेत. दूधवाला आला की एकेकाने एकेका चौकोनात उभं राहायचं. माझा पाय रेषेवर पडला आणि शिट्टी वाजली. मी कान पकडले, सगळे हसले. काका नाही हसले.

२३ मार्च

काल सगळं बंद झालं. औषधांचं दुकान तेवढं उघडं. काकांनी आता हजेरी सुरू केलीय. संध्याकाळी शिट्टी झाली की सगळ्यांनी बाल्कनीत यायचं. काका अंगणातून एकेक घर पुकारतात. पहिला, डावी. ठीक. पहिला, उजवी. ठीक. मावशी जिन्याच्या खिडकीतून ओरडतात. सगळी घरं झाली की टाळ्या.

तळमजल्यावरच्या वहिनींनी मला नीट समजावून सांगितलं. ठीक म्हणजे या घराला काही नको. जे घर ठीक म्हणणार नाही, त्याला त्या स्वतः डबा पाठवतील, बाकीचं काका बघतील. उगाच दहा ठिकाणी दारं वाजवत फिरायला नको. मला ही पद्धत इतकी आवडली की मी ती दादाला फोनवर सांगितली. तो म्हणाला, नशीब काढलंस.

२६ मार्च

आज फाटकात इमारतीतल्याच दोघांनी मला अडवून अंगावर ब्लीचचं पाणी फवारलं. मी हात जोडून नको म्हणत होते तरी. डोळे अजून चुरचुरतायत, निळ्या शर्टावर पांढरे डाग पडलेत. काका म्हणाले, औषधाच्या दुकानात आजारी लोकच येतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नये. वरच्या मजल्यावरचे हिशेबनीस मी जिन्यात दिसले की भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. मी आता कठड्याला हात लावायचा नाही. कचरा सगळ्यांच्या नंतर ठेवायचा. दूध घ्यायला उतरायचं नाही, म्हणजे दूधच नाही.

मावशी तेवढ्या दार उघडं ठेवून बोलतात. नवा शर्ट शिवून देते म्हणाल्या. त्यांना खोकला झालाय. कापडाचा भुगा उडतो, दर उन्हाळ्यात होतो म्हणे. मी काढ्याची बाटली आणून दिली आणि हजेरीच्या वेळी जरा दाबून धरा, असं सांगितलं.

२८ मार्च

काल नाही दाबता आला. तिसरा, डावी, असं पुकारलं आणि उत्तराऐवजी जिन्यात खोकलाच घुमला. मग सगळ्या बाल्कन्या एकदम बोलायला लागल्या.

आज दुपारपर्यंत त्यांच्या दाराला बाहेरून कडी बसवली, कुलूप घातलं. चौदा दिवस. किल्ली काकांकडे. मावशी आतून म्हणत होत्या, अरे, निदान कडी तरी आतून लावू द्या. काकांनी मला जिन्यात गाठलं. त्या आता खिडकीशी येऊ शकत नाहीत, तेव्हा हजेरीला त्यांच्या वतीने मी ठीक म्हणायचं. मी शेजारची, म्हणून मी. इमारतीसाठी एवढं करशील ना, असं विचारलं. आणि फवारा घेऊन उभ्या असलेल्या दोघांना म्हणाले, हिला राहू द्या, ही आपली आहे.

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

२९ मार्च

म्हटलं. ठीक. टाळ्या झाल्या. वहिनींनी माझ्याकडे बघून हात हलवला. आज सकाळी दारात दुधाची पिशवी होती.

मावशींना बंद दारातून हाक मारली. बऱ्या आहेत, आवाज खोल गेलाय. डबा आला का विचारलं तर अजून नाही म्हणाल्या. येईल. काकांचा कारभार चोख असतो.

३१ मार्च

मधल्या भिंतीवर ठक ठक. आधी वाटलं शिवणाचं मशीन चालतंय. मशीन नाही. हजेरीची शिट्टी झाली की ठकठक वाढते. मी बाल्कनीत गेले. तिसरा, डावी. सगळी इमारत माझ्या तोंडाकडे बघत होती. ठीक, म्हटलं. भिंतीत आणखी जोरात वाजलं.

त्यांचा फोन बंद लागतोय.

१ एप्रिल

सकाळीच वहिनींकडे गेले. मावशींचा डबा कोण देतं, असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच ताप चढलाय.

"डबा? अगं, तू रोज ठीक म्हणतेस ना?"

वर धावत आले, दाराला तोंड लावून हाका मारल्या. मावशी जमिनीजवळून बोलत होत्या. नळाला पाणी नाही. टाकी सगळ्यांची एकच, म्हणून त्यांचा व्हॉल्व्ह गच्चीवरून बंद केलाय. बादलीतलं संपलं. गोळ्या आहेत, पण उपाशीपोटी घेऊन चक्कर येते. दाराखालून बिस्किटं सरकवायला गेले तर तिथे कपडा ठासून वरून चिकटपट्टी मारलेली. ती फाडली, बिस्किटं आत ढकलली. त्यांची बोटं दिसली. पाणी कसं ढकलणार?

काकांकडे किल्ली मागायला गेले. ते चौकोनांवर नवा खडू फिरवत होते. मी सगळं सांगितलं, रडतच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काल सगळ्यांसमोर ठीक म्हणालीस. तेव्हा खोटं बोललीस, की आता बोलतेयस?"

तेव्हा, असं लगेच म्हणायला हवं होतं. म्हटलंही, पण ते वळले होते.

कुकरच्या बुडाने कुलूप ठोकलं. तुटलं नाही. वर पाहिलं तर जिन्यात हिशेबनीस उभे. आज भिंतीकडे तोंड नव्हतं. बघत होते.

संध्याकाळ. तिसरा, डावी. मी ओरडले, ठीक नाही! मावशी मरतायत, किल्ली द्या, पाणी सोडा. कुणी हललं नाही. काकांनी शिट्टी वाजवली आणि पुन्हा तेच पुकारलं. तिसरा, डावी. मी तोंड उघडायच्या आत वरून हिशेबनिसांचा आवाज आला. ठीक.

टाळ्या. एवढ्या जोरात कधीच वाजल्या नव्हत्या.

२ एप्रिल

उठले तर दार उघडेना. माझ्याही दाराला कडी. बंद घराच्या दाराला हात लावला, म्हणजे मलाही लागण झाली असणार. चौदा दिवस. हे सगळं काका दाराबाहेरून सांगत होते, अगदी गोड आवाजात.

नळातून फस्स झालं आणि पाणी थांबलं. कुकरमध्ये थोडं आहे. तेच पुरवायचं.

मदतीच्या नंबरावर फोन केला. बाईंनी इमारतीचं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, तुमच्याकडून रोज संध्याकाळी सगळे ठीक असल्याचं कळतं, उत्तम काम चाललंय. मी ओरडले. त्यांनी काकांना लावून खात्री करून घेतली.

भिंतीवर ठकठक आहे. अगदी हळू. मीही वाजवते. मावशी, मी इथेच आहे.

३ एप्रिल

दादाचा फोन. काका त्याच्याशी बोललेत. तापाने डोकं फिरलंय तुझं, पडून राहा म्हणाला. किती जपतात गं तुला ते लोक. मी जीव तोडून सांगत होते आणि तो हो हो म्हणत होता, लहानपणी म्हणायचा तसा—

बाल्कनीतून रस्त्यावरच्या पोलिसाला हाका मारल्या. त्याने वर पाहिलं. काकांनी अंगणातूनच डोक्याजवळ बोट फिरवून दाखवलं. पोलिसाने त्यांना सलाम केला.

वीजही तोडलीय. फोन संपत आला.

भिंतीवर सकाळपासून काही नाही.

४ एप्रिल

गच्चीवरून ताडपत्री सोडली. बाल्कनी झाकून टाकली. कडा खाली बांधल्या आहेत, सुरीने कापायला गेले तर खालून बांबूने हाताला मारलं. कुणी मारलं दिसलं नाही. आत सगळं निळं झालंय.

मावशी बोलत नाहीत. वाजवत नाहीत. मी वाजवते. मी म्हटलेलं ठीक, ते माझंच—

संध्याकाळी तिसरा, डावी. ठीक. तिसरा, उजवी. मी घसा फुटेस्तोवर नाही, नाही म्हणत होते. टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या.

६ एप्रिल

पाणी संपलं. काढा होता, तोही. जीभ टाळूला चिकटते. वास येतोय— त्या भिंतीतून. नाही लिहीत.

काका दाराशी आले. चिडले नव्हते. माझ्या ओरडण्याने मुलं घाबरतात, लोकांना झोप नाही. एकदा फक्त, माझ्या आवाजात, मी स्वतः ठीक म्हणायचं. लोक शांत झाले की लगेच पाणी सोडू, उद्या दारही उघडू. शब्द देतो म्हणाले.

मी विचारलं, मावशींचं दार? तेही, म्हणाले.

नाही म्हणणार.

७ एप्रिल

न्हाणीतल्या नळाला तोंड लावून बसले होते. थेंब नाही.

शिट्टी झाली. तिसरा, उजवी. सगळे थांबले. खरंच थांबले, माझ्यासाठी. ताडपत्रीमागून मला त्यांचे श्वास ऐकू येत होते.

म्हटलं.

ठीक.

टाळ्या. कुणीतरी शाबास म्हणालं. मी नळ उघडून बसले. गच्चीवरून हिशेबनीस ओरडले, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह सोडू का? खालून वहिनींचा आवाज आला, हसरा, मोकळा—

"आता कशाला? ती स्वतःच म्हणाली ना, ठी—