नारिंगी गाडीचा ड्रायव्हर

बाबा, तुमची नारिंगी लोकल गाडी मोडीत काढली. टोकियोची हो, जिच्यात ड्रायव्हरच्या केबिनच्या काचेमागे उभं राहून तुम्ही सहा महिने रेल्वेच्या ट्रेनिंगला जायचात. इथे क्युपर्टिनोत माझ्या ऑफिसातला एक जपानी सहकारी असल्या विजेच्या आगगाड्यांचा इतका वेडा, की ती रिटायर होतेय म्हणून रजा टाकून जपानला जाऊन तिच्यात शेवटचं बसून आला. येताना तिच्या प्रवासाच्या चित्रीकरणाची डीव्हीडी आणली आणि शुक्रवारी माझ्या हातात ठेवली.

तुम्ही जपानहून आलात तेव्हा मी आठवीत होते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरात पाटावर बसून बशीतला चहा फुंकत तुम्ही सांगायचात, की तिथला ड्रायव्हर केबिनमध्ये एकटा असला तरी प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यांदा बोलतो. डोळे, हात, तोंड सगळं एकाच कामाला लागतं, मग चूक होत नाही. आणि मग तुम्हीही सुरू केलंत! बाहेर निघताना शेगडीकडे बोट, "गॅस बंद!" मागच्या दाराकडे बोट, "कडी लावली!" आई पदर तोंडाला लावून हसायची. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा माझ्या मैत्रिणी दारात उभ्या असताना तुम्ही कुलपाकडे बोट करून ओरडलात. त्या फिदीफिदी हसल्या आणि मी फणकाऱ्यानं म्हणाले, "पुरे झाल्या जपानच्या थापा! असला येडा ड्रायव्हर कुठं असतो का?" रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं "बरं बाई" म्हणालात आणि किल्ली खिशात टाकलीत. त्यानंतर घरात जपानचं नाव निघालं नाही. गॅसही तुम्ही मुकाट्यानं बघायचात.

काल दुपारी लेकीला शेजारी बसवून डीव्हीडी लावली. काचेपलीकडे पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर, एकटाच. सिग्नल आला, त्यानं बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाला. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. बाबा, मला आधी हसू फुटलं आणि मग रडूच कोसळलं. तुमचा एक शब्द खोटा नव्हता हो!

"मॉम, हू इज ही टॉकिंग टू?" लेक विचारत होती. तिला सगळं सांगितलं, आजोबांचं बोट, गॅस, कडी. मैत्रिणींचं तेवढं गाळलं. आज सकाळपासून बाईसाहेब घरभर बोट दाखवत फिरतायत, "स्टोव्ह ऑफ! गराज क्लोज्ड!" नवरा म्हणतो, "यार, हे काय खूळ?" म्हणू दे. मला इतकं छान वाटतंय, की मीही तिच्याबरोबर ओरडतेय.

मघाशी ग्रोसरीला जाताना मात्र कारमध्ये तिनं मागून विचारलं, "आजोबा टोल्ड यू, अँड यू बिलीव्ह्ड हिम, राइट?" तुम्ही गेल्यावर हे पत्र आता कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी आरशात तिच्याकडे बघून म्हणाले, "ऑफ कोर्स."