इंग्रजी उरुसातला गोफ

आई, पत्राला मायना हवाच, असा तुझा दंडक होता. आज तो मी जाणूनबुजून मोडते आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात ऐंशीच्या दशकात एका मे महिन्यात भरलेला तो दोन दिवसांचा ‘इंग्लिश वीकेंड’ उत्सव मला अलीकडे वारंवार आठवतो. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. तू कायमची आमच्याकडे राहावंस म्हणून मी पूर्वेकडची खोली सजवून ठेवली होती, आणि तू विचार करून रविवारी सांगते म्हणाली होतीस. तो रविवार मी मुद्दामच मोकळा ठेवला होता. आमचं गाव तुझ्या पसंतीस उतरावं, अशी माझी इच्छा होती.

गावाने मात्र माझी निराशाच केली. मुख्य रस्ता वाहनांना बंद करून जुन्या इंग्लंडचा देखावा उभा केला होता: बँकेसमोर प्लायवूडचा लाल टेलिफोन बूथ, आत टेलिफोन नाही, कागदी पेल्यांत कोमट पाणी आणि त्यात बुडवलेली चहाची पुडी, विमा विकणारा आमचा शेजारी लंडनच्या पोलिसाची टोपी घालून उभा. मला सारंच ढिसाळ वाटत होतं आणि तसं मी तुला तपशीलवार ऐकवत होते. तू मात्र मजेत होतीस.

“यांनीच ना गं इंग्रजांना हाकललं होतं?”

“हो, आई.”

“मग आता त्यांचाच उरूस भरवलाय? आपल्याकडे साहेब गेल्यावर कुणी त्याच्या नावाने रेवड्या वाटल्या नाहीत.”

“हळू बोल ना.”

“मराठी कुणाला कळतंय इथे!”

चौकात एक उंच खांब रोवला होता. त्याच्या टोकापासून रंगीत फिती सोडलेल्या, प्रत्येक फितीला एक मुलगी, आणि त्या मुलींत तुझी नात. इंग्लंडातल्या खेड्यांत मे महिन्यात असा नाच होतो, असं शाळेतल्या बाई ध्वनिक्षेपकावरून सांगत होत्या. तू माझा दंड घट्ट धरलास. “अगं, हा तर गोफ!” मुलींच्या शाळेत कवायत शिकवताना दर स्नेहसंमेलनाला तू गोफ बसवायचीस. आढ्याला टांगलेल्या रंगीत दोऱ्या मुली नाचत नाचत विणायच्या आणि उलट पावलांनी तितक्याच सफाईने उलगडायच्या. उलगडणं चुकलं तर तुझ्या लेखी सगळा नाचच फुकट जायचा.

इथे तर विणतानाच फिती अडकल्या. मुली एकमेकींवर आदळू लागल्या, बँड थांबला, आणि बाई कात्री घेऊन पुढे आल्या. पुढचं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. तू पदर खोचतेस आणि सहावारी साडीखालच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांनिशी थेट रिंगणात शिरतेस. “नो कटिंग!” बाई जागच्या जागी थबकतात. मग माझ्याकडे वळून, साऱ्या गावादेखत, मराठीत म्हणतेस, “चूक आपल्याच कार्टीची आहे. फितीवरून जायचं तिथे खालून गेली.”

“आज्जी, आय डिड नॉट!”

“यू डिड. फीत ताणून धर. अबाउट टर्न!”

बाकीच्या मुली गोंधळलेल्या. पण आमच्या गॅरेजमध्ये तुझ्या कवायतीत तयार झालेली नात वळते आणि तिचं पाहून त्याही वळतात. तुझ्या टाळीच्या ठेक्यावर एकेक वेढा सुटत जातो. शेवटची फीत मोकळी होते, गर्दी टाळ्यांचा कडकडाट करते, आणि तिकडे ढुंकूनही न बघता तू म्हणतेस, “नाऊ अगेन. फ्रॉम द बिगिनिंग.”

बाईंनी तुझे दोन्ही हात धरून पुढच्या वर्षी तुम्हीच शिकवा, अशी गळ घातली. माझा व्यवसाय रोगनिदानाचा. इतका स्पष्ट पुरावा मिळाल्यावर मी खोलीचा प्रश्न मनातल्या मनात निकालात काढला. गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, “माझं तिकीट काढ.”

“अगं, पण त्यांना तू हवी आहेस!”

“हवी आहे, वर्षातून एकदा. बाकीचे दिवस त्या बिनफोनच्या लाल खोक्याशेजारी शोभेला ठेवतील मला. निवृत्त झाले तरी तिकडे मी शाळेच्या फाटकातून शिरले की मुली धावत रांगेत उभ्या राहतात. मला ते लागतं.”

“आणि मी?”

“तुझं माझ्यावाचून काही अडत नाही. ते बघायलाच तर आले होते.”

तू गेलीस, आणि पुढे काही वर्षांनी तिकडेच, सकाळी शाळेत जाऊन आल्यावर, शांतपणे कायमची गेलीस. तुझ्या त्या निर्णयाला मी चारचौघांत, सभ्य शब्दांत का होईना, हट्टच म्हणत आले.

आता तुझी नात टेक्सासमध्ये, प्लेनोला मोठ्या घरात राहते, आणि तिचे बाबा गेल्यापासून मी इथे एकटी असते. गेल्या महिन्यात तिने मला तळमजल्यावरची एक खोली दाखवली. न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवून घेतले आहेत, दिव्याचं बटण पलंगावरून हाताशी येतं. मी दोष शोधत राहिले; तिने एकही ठेवलेला नव्हता. “आई, जस्ट से येस ना, प्लीज,” ती म्हणाली. मी तिच्या पडद्यांचं कौतुक केलं आणि विमानाची वेळ झाल्याचं सांगितलं.

या पत्राला पत्ता नाही; असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण मुद्दा शेवटी का ठेवलास, असं तू विचारलं असतंस. मुद्दा एवढाच आहे, आई: मला तिच्याकडे राहायला जायचं नाही, आणि हे तिला सांगायची मला भीती वाटते.