कुंता की कांता

वरठी, १९७८

केवळरामदादा,

पोरीचं नाव आपल्या आईवरून कुंता ठेवतो, असा तुझा निरोप भेटला. मी म्हणतो, कांता ठेव. इथं ठेसनावर भजी मस्त भेटतात, पण ते असू दे.

आई गेली, तरी वहिनी सासूचं नाव तोंडातून काढत नाही. शेजारच्या कुंताबाईले ती "ओ सासूच्या नावाच्या!" म्हणते, अन् सारा मोहल्ला हासते. पोटच्या पोरीलेही तशीच हाक मारन का रे?

आईची आठवण मलेही येते. पण वहिनीनं लेकीले तोंडभरून बोलवावं.

पत्र टाकलं तर तू खिशात घालून मोकळा होशील. म्हणून टाकत नाही. बारशाले मीच येऊन भांडतो.

तुझा उनाड भाऊ,
घनश्याम