कुंपण नसलेला डोंगर

हायबेक, कंब्रिया
१२ नोव्हेंबर

प्रिय विल्फ,

तू खुशाल असशील. तिकडे न्यूझीलंडला उन्हाळा तोंडावर आला असेल आणि लोकर कातरून कातरून तुझी कंबर धरली असेल. इथे पाऊस आहे. माझं अक्षर गिचमिड झालंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. लहानपणी तुझ्या अक्षराला मी हसायचे, आता तू हसून घे.

बातमी अशी की मी शेत सोडतेय. मार्चअखेर किल्ल्या ट्रस्टला देऊन चर्चमागच्या छोट्या घरात जाईन. गुडघे साथ देत नाहीत, असं सगळ्यांना सांगितलंय.

लगेच 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणू नकोस. बाबांनी डोंगर जमिनी राखणाऱ्या त्या ट्रस्टच्या नावावर केला, तेव्हा 'पोटच्या पोरांना कुळं करून ठेवलं' म्हणत तू बॅग भरलीस. तेव्हापासून आपण फक्त हवापाण्याचं लिहितो. रागावले मीही होते. पण मला सकाळी मेंढ्या हाकायच्या होत्या.

नवीन कूळ म्हणून ट्रस्टने ब्रायनी नावाची मुलगी निवडलीय. लीड्सची, चक्क शहरातली. मी विचारलं, "मेंढी कधी हातात धरलीयस का?"

"दुसऱ्यांच्या मेंढ्या राखण्यातच विशी गेली माझी, एडिथबाई." मग म्हणाली, "शाळेच्या सहलीला इथे आले होते. बाई म्हणाल्या, हा डोंगर आपल्या सगळ्यांचा आहे. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं."

तुला हे वाचून संताप येईल. मलाही आला होता.

गेल्या आठवड्यात मेंढ्या उतरवायला तिला वर नेलं. कूळ बदललं तरी कळप शेताबरोबरच राहतो हे तिला ठाऊक होतं, पण हद्द दाखवायला हवी होती.

"कुंपण कुठाय?"

"नाहीये."

"मग शेजारच्या डोंगरावर जात नाहीत?"

"प्रत्येक मेंढी तिच्या आईने दाखवलेल्या जागेपलीकडे नाही जात. आईला तिच्या आईने दाखवलेली."

म्हातारी थापा मारतेय, असं तिला वाटलं असणार.

माथ्यावर पोचलो आणि धुकं उतरलं. ब्रायनीने माझा हात धरला. "मला काहीच दिसत नाहीये, एडिथबाई."

"मलाही," मी म्हटलं.

कुत्रीला बसवलं आणि दोघी गप्प उभ्या राहिलो. आधी खुरं ऐकू आली, मग श्वास. आपण पाव-चीज खायला बसायचो त्या काळ्या दगडापाशी कळप आला आणि थांबला. तिथे भिंत नाही, ओढा नाही, पुढेही तेच गवत. पुढची मेंढी वळली आणि सगळा कळप तिच्यामागून आमच्या पायांना घासत परत फिरला. जन्मभर बघत आलेय मी हे, तरी अंगावर काटा आला. ही हद्द घातली कोणी, विल्फ? पणजोबांच्याही आधीपासून मेंढ्या ती एकमेकींना शिकवत आल्यात, आणि आपण मालकीवरून भांडत बसलो. डोंगर विकला असता तर कळप पांगला असता आणि हे सारं एका पिढीत पुसलं गेलं असतं. सुट्टीची घरं बांधणारे बाबांच्या मागे लागले होते, आठवतं? एकदा घेतलेला डोंगर ट्रस्ट विकत नाही, म्हणून बाबा त्यांच्याकडे गेले. बाबा मला त्या धुक्यात कळले.

ब्रायनी रडत होती. बरं वाटलं.

उतरताना ती हळूच म्हणाली, "एडिथबाई, धुकं केव्हाच विरलंय. तुम्ही माझा हात सोडला नाहीत."

गुडघ्यांचं खोटं आहे, विल्फ. डोळे गेलेत माझे. कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. पाकिटावरचा पत्ता ब्रायनीने लिहिलाय.

मार्चमध्ये तिला उरलेली हद्द दाखवायचीय. पण पश्चिमेची बाजू कायम तुझी आणि बाबांची. तिकडे माझ्या पायांना काही कळत नाही. मेंढ्यांना ठाऊक आहे, पण ब्रायनीला सांगणारं माणूस आता तू एकटाच उरलास. ये.

आलास तर अंगणात मुका उभा राहू नकोस. फाटकातूनच हाक मार, म्हणजे ओळखीन.

कान तिकडे लावून बसलेली,
तुझी एडी