बादलीतले बारा शिंपले

लाडक्या नागसेना,
ताईकडून तुझ्या दोन्ही गालांना पापे.

मी नामपल्लीत मजेत आहे. मेसची भाजी तिखट असते, पण सवय झाली. माझी फिकर नक्को, असं इकडे म्हणतात.

आई फोनवर म्हणाली, ताईने हैदराबादेत मोती काढून घ्यावेत म्हणून तू गोदावरीतले बारा शिंपले बादलीत ठेवलेस. अरे वेड्या, इथे मोती विकतात. तुझ्या शिंपल्यांत ते बहुतेक नसतीलच. आत मऊ जीव असतो, त्याला डोकंही नसतं. घाबरला की दोन्ही कवचं घट्ट मिटतो. एरवी नदीचं पाणी आत ओढतो, त्यातलं बारीक शेवाळ खातो आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतो. बादलीत तो उपाशी मरेल. बाबांबरोबर जाऊन आजच सोड. मग थोडं थांब. भीती गेली की ते हळूच उघडतात.

आईचा खोकला खरंच कमी आहे ना?

फळीवरचा रिकामा शिंपला मात्र जप. तू जन्मलास तेव्हा आई महिनाभर दवाखान्यात होती. त्या शिंपल्यानेच मी तुला दूध पाजायचे. तूही आधी तोंड घट्ट मिटायचास. मी थांबायचे.

तुझीच,
शिवानीताई